विहिरीतून आलेला एक शब्द

रवि. ५ जाने. ६९

बटणं आणायला बाजारात गेले होते. टॉकीजबाहेर नवा बोर्ड लागलाय. निळी विहीर, काठावर उभी पोरगी. नाव हिंदीत भलतंच. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय, मराठी बालकथेवरून. माझंच पुस्तक! ‘मुक्या वेणूची विहीर’. बोर्डाखाली उभीच राहिले. पानवाला म्हणाला, “बाई, पिच्चर शुक्रवार से लगेगी, अभी घर जाओ.”

छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा हे म्हणाले होते, आता या घरात कोणी अंगठा लावायचा नाही. हे तिरोडीच्या खाणीत हजेरीबाबू, आठवड्याला एकदा घरी. म्हणजे शिकायचं ते मी एकटीनंच. आधी हिंदीची पहिली, इकडे शाळा हिंदीच, म्हणून तेच पुस्तक हाताशी होतं. मग यांनी तुमसरहून हे मराठी पुस्तक आणलं. चौऱ्याहत्तर पानांना दोन उन्हाळे लागले. पुढे इतकं वाचलं की पुस्तक न उघडता म्हणू लागले.

हे जाऊन होळीला पाच वर्षं होतील. सिनेमा आलाय हे सांगायला घरात तेवढा एकच माणूस नाही.

मंगळ. ७ जाने.

कुसुम परत तो कागद घेऊन आली. नागपूरला नर्सिंग, तीन वर्षं, राहायचं तिथंच. पालकाची सही हवी, महिनाअखेर पोचायला हवा.

“माय, सही कर नं.”

“पाहू.”

“पाहू म्हंजे कधी? एकतीस तारखेनंतर?”

मी शिवणाचं मशीन चालवत राहिले. अठरा वर्षांची झाली. एकुलती एक. शेजारच्या जिजाबाईनं कुंपणावरून ऐकलंच. “नागपूरले गेली का गेली समज. मंग येते दिवाळीले, पाव्हणी होऊन.” तिला कोणी विचारलं नव्हतं. पण माझ्या मनातलंच बोलली.

शनि. ११ जाने.

काल पाहिला. कु. आणि जिजाबाई बरोबर. बायकांच्या बाजूला पुढून तिसरी रांग.

चांगलं ते आधी लिहिते. बादली खाली जाते, वरचं उजेडाचं वर्तुळ बारीक होत होत पैशाएवढं उरतं, ते अगदी मी वाचताना मनात पाहिलं होतं तसं. विहिरीखालचं गावही चांगलं केलंय. घरं मडक्यांची, दिवे शेवाळात टांगलेले. नाव घेऊन हाक मारली की एकेक दिवा लागतो. पहिला दिवा लागला तेव्हा सगळी टॉकीज चूप. जिजाबाईसुद्धा.

आता बाकीचं. वेणूची आई पुस्तकात कुंभारीण आहे, पायाला कायम चिखल. इथं रेशमी लुगडं नेसून चाकावर बसते. तो चिखल तिच्या लुगड्याला शिवत नाही, हे कसं? खालच्या गावाच्या दारावरचा म्हातारा बेडूक खोकतो, किरकिर करतो, म्हणून तर त्याची माया वाटते. सिनेमात तो नाचतो. दोन वेळा. आणि वेणू मुकी असून तिला गाणं दिलंय. म्हणे स्वप्नात गाते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण शेवट. शेवट त्यांनी फिरवला! वेणूला खाली तिचा आवाज सापडतो, इथवर ठीक. मग ती वर यायला हवी. येते, अकरा वर्षं मी वाचतेय. इथं ती खालीच राहते, दिवे लावायला. आई काठावर उभी, पोरगी खालून “माँ” म्हणते, अन् ती बाई हातातली दोरी सोडून देते. सोडून देते! आणि हसते.

जिजाबाई रडली. मी नाही रडले, मला राग आला होता. वाटेत कु. म्हणाली, “शेवट मस्त होता.” मी पाय उचलला.

मंगळ. १४ जाने.

तिळगूळ झाले. कु. शी धड बोलणं नाही. कागद मशीनच्या फळीवर, कात्रीखाली.

पुस्तक लिहिणाऱ्यालाच पत्र लिहायचं ठरवलं. पत्ता पुस्तकाच्या मागे छापलाय, तिथं पोचेल तर पोचेल. कच्चं लिहिलं ते असं:

“सप्रेम नमस्कार. मी आपली जुनी वाचक. आपल्या गोष्टीचा शेवट सिनेमावाल्यांनी बदलला तो आपल्याला विचारून का? आपण स्वच्छ लिहिलं आहे, ‘तळातून एकच शब्द वर आला: आई.’ म्हणजे वेणू आली. ती परत आली हे लहान पोरालाही कळेल. मग आपण गप्प कसे राहिलात?”

वाचून पाहिलं. कडक झालंय, पण खरं आहे. उद्या पक्कं करून कु. कडून पाकिटावर पत्ता घालून घेईन, तिचं अक्षर चांगलं.

बुध. १५ जाने.

काय लिहू.

पाकिटासाठी पत्र कु. ला दिलं. वाचता वाचता थांबली. परत वाचलं. मला वाटलं शुद्धलेखन चुकलं.

“माय, ‘आई’ म्हंजे आली नाही वं. आई म्हंजे माय.”

“मले माहीत नाही का आई म्हंजे काय? शंभर पुस्तकात वाचला शब्द.”

“मंग?”

मग काय. मग मी पुस्तक उघडलं. खरंच उघडलं, किती वर्षांनी. चौऱ्याहत्तरावं पान. तळातून एकच शब्द वर आला: आई.

तेव्हा मला फक्त हिंदीची पहिली येत होती. ‘मुन्नी आई. गाय आई.’ पान तिसरं. आमच्या घरी माझ्या आईला माय, हिच्या आजीला माय, मला माय. आई असं घरात कोणीच कोणाला म्हटलं नाही. मी वाचलं: आई. म्हणजे आली. पुढे आई शब्द कळला, पण हे पुस्तक मी कुठं वाचत होते, मी तर म्हणत होते. पुस्तकात वेणू परत येते असं एक अक्षर नाही. मागे पुढे सगळं चाळलं. नाही.

मग मी हसले. कु. आधी घाबरली, मग तीही हसू लागली. “गाय आई!” म्हणून पोट धरून हसली. खूप दिवसांनी.

हसणं थांबल्यावर म्हणाली, “बाबाले माहीत होतं.”

“काय?”

“मले तं बाबानंच सांगतलं, मुकी पोरगी आपल्या मायले हाक मारते म्हणून. मी म्हटलं, मायले सांगू? तं म्हणे, राहू दे. तुझ्या मायले पोरगी वापस पाहिजे, आली असं वाचते तं वाचू दे.”

यांच्यापुढे पहिल्यांदा पुस्तक पुरं वाचून दाखवलं होतं तेव्हा मी टाळी वाजवली होती. आली म्हटलं, पोरगी आली वापस. हे म्हणाले, “हौ, आली.” तोंडावर काही नाही. पाच वर्षांत आज पहिल्यांदा मला यांच्यावर रागवावंसं वाटलं. बरं वाटलं रागवून.

पत्र फाडलं.

गुरु. १६ जाने.

नेहमीसारखं शिवण. दोन झंपर, एक फ्रॉक. मधेच वाटायचं, सगळीकडे असंच तर नाही वाचलं मी? कु. ला विचारलं, ती म्हणाली, “पेपर तं बरोबर वाचतेस.”

रवि. १९ जाने.

दुपारचा खेळ, एकटी गेले. जिजाबाई म्हणाली, “पुन्हा? बेडकावर जीव जडला का काय वं?”

मागच्या वेळी मी शेवटी पोरीकडेच बघत होते, वर येते का म्हणून. या वेळी आईकडे पाहिलं. ती नटी वाईट नाही. दोरी एकदम नाही सोडत. आधी एक बोट, मग दुसरं. हसते तेही आनंदाचं हसू नाही. ज्या पोरीच्या तोंडून कधी शब्द ऐकला नाही तिचा पहिला शब्द आपल्यासाठी, ते ऐकल्यावर माणूस कसं हसेल, तसं. लुगडं अजून रेशमीच, ते मी माफ केलेलं नाही. नाचणारा बेडूकही नाही. पण शेवट सिनेमावाल्यांनी बरोबर केलाय, माझ्यापेक्षा बरोबर वाचलंय, हे लिहून ठेवते.

सोम. २० जाने.

सही केली. पूर्ण नाव, मधलं यांचं. कु. नं कागद फुंकून फुंकून शाई वाळवली, जणू शाई पळून जाणार होती. मला मिठी मारायला आली तर मी म्हटलं, सुई आहे हातात.

बुध. १२ फेब्रु.

कु. मुलाखतीला जाऊन आली, जिजाबाईच्या भावासोबत. गोंदियाला गाडी बदलावी लागते, ते नीट समजून घेतलं मी. म्हणते, पंधरा मुली होत्या, किती घेणार ते सांगितलं नाही. तिथल्या मोठ्या बाईंनी विचारलं, मराठी लिहिता येते का? ही म्हणाली, वाचता येते, लिहायला माय शिकवते. खोटंच. कालपासून शिकवते म्हणून आता खरं.

शुक्र. २१ फेब्रु.

नागपूरचं पत्र नाही. झाली निवड तर? नाही झाली तर?

दुपारभर एकच डोक्यात. दोरी सोडल्यावर कुंभारीण घरी जाऊन काय करते, ते पुस्तकात नाही. सिनेमातही नाही. भट्टी तरी लावत असेल. कोणीतरी लिहायला पाहिजे होतं.

पोस्टमन गल्लीतून गेला, आपल्याकडे काही नव्हतं. पांढरं कापड पेटीत होतं, ते पाण्यात भिजवून, आटवून दोरीवर वाळत घातलं. कु. चा नर्सचा ड्रेस शिवायची वेळ आली तर कापड आधीच आटलेलं बरं.