गुडघ्याएवढी छाटणी

आई, सकाळपासून मी कात्री घेऊन अंगणात उभी होते, आता हे लिहायला बसलेय. माघ सरत आला, दारातल्या झाडाची छाटणी करायला हवी, आणि हात पुढे होत नाही. वालूरच्या भाड्याच्या खोलीपुढचं तुझं फुलपाखरांचं झाड आठवतंय. परभणीहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. जांभळ्या तुऱ्यांवर फुलपाखरं यायची म्हणून आपण दिलेलं हे नाव. बहात्तरच्या दुष्काळातही ते हिरवं राहिलं, आणि तेच मालकिणीच्या डोळ्यांवर आलं.

विहीर तिची. पोहऱ्याला आपण हात लावायचा नाही. ती शेंदणार आणि वरून आपल्या घागरीत ओतणार. तू शाळेत बाई होतीस, तिचीच पोरं शिकवत होतीस, तरी हे तसंच. दुष्काळातल्या एका सकाळी तिने भरलेला पोहरा हवेतच धरला.

"बाई, आमची जनावरं तहानली हायती, आन् तुमी झाडाला पानी घालायलाव?"

"आंघोळीचं आहे, मालकीणबाई."

"मग आंघूळ कमी करा. न्हाईतर दुसरी खोली बघा."

दुसरी खोली त्या गावात आपल्याला कुणी देणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. मी रिकामी घागर धरून उभी आहे. तू आत जातेस, कात्री आणतेस. दरवर्षी कंबरेपर्यंत छाटायचीस ते झाड तिच्यादेखत गुडघ्यापर्यंत उतरवतेस. घाई नाही. प्रत्येक काप फांदीवरच्या कोंबाच्या डोळ्याच्या जरा वर, तिरका. कापलेल्या तोंडांना शेण लावतेस आणि फांद्या तिच्या अंगणातल्या सरपणावर नेऊन टाकतेस.

"लय गुणाच्या हाव बाई तुमी," म्हणत तिने पोहरा ओतला.

परत येताना मी विचारलं, "आई, तू घाबरलीस का?"

"घागर सरळ धर."

चैत्रात खुंटांना फुटवे आले. मालकीण येताना दिसली की तू फुटव्यांपुढे ओलं लुगडं वाळत घालायचीस. ती वळून गेली की लुगडं काढून घ्यायचीस.

आता माझ्या दारात तसंच झाड आहे, नळ आहे, विचारायचं कुणाला नाही. तरी मी कंबरेशीच थांबते. झाड नुसतं उंच जातं, फुलं हाताला लागत नाहीत. खालून कापलं तरी ते फुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुला पाठवायला आता पत्ता नाही, म्हणून हा कागद घडी करून कात्रीच्या डब्यात ठेवतेय. गुडघ्यापर्यंत उतरायचा धीर आजही झाला नाही, आई.