नारळ बुडत नाही

नेरूळ,
९ डिसेंबर २०२५

चि. प्रसाद यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. तुझ्या खारघरच्या फ्लॅटची वास्तुशांत कधी, असं ती रोज विचारते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला.

सारसोळ्याच्या कोळीवाड्यात मे महिन्यात घातलेली गटाराची नवी लाइन तुंबते आणि महापालिकेत तिचा तपास माझ्याकडे आला, हे तुला कळलं असेलच. ती लाइन घालणाऱ्या तुमच्या कंपनीने लिहून कळवलंय की गावकरी चेंबरमध्ये पूजेचे नारळ टाकतात, म्हणून लाइन चोक होते. वर नोटिसाही गावालाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आम्ही पाइपात कॅमेरा सोडला. नारळ आहे, अगदी खरा, एकच. आणि तो मजेत तरंगतोय. अरे, उतार नीट असता तर केव्हाच पुढे वाहून गेला असता. तिथे पाणी साचून राहतं, कारण पाइप मधेच खाली बसून त्याला पोट आलंय. खणून पाहिलं, तर पाइपाखाली जिथे वाळूचा थर हवा तिथे फुटक्या लाद्या आणि राडारोडा. कोळीवाड्यात नारळ दिसला की त्याच्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं, याची मला भयंकर चीड आली आहे.

तिथल्या वेणूबाई म्हणून एका आजींच्या मोरीतून मैला वर येतो, पार चुलीपर्यंत. नातवंडं शेजारी झोपतात.

आता जे लिहायचं टाळतेय ते. भाऊबीजेला तू हसत म्हणाला होतास, "ताई, वाळू अंथरत बसलो असतो तर पावसाळ्याआधी रस्त्यातला चर बुजला नसता." ते काम सारसोळ्याचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

साइट इंजिनियर माझा भाऊ आहे, हे मी साहेबांना सांगितलंय. तपास दुसऱ्याकडे जाईल. पण कॅमेऱ्यात दिसलं ते आणि तू बोललास तेही मी सांगणार. तुझी नोकरी जाईल, हे कळतं मला, आणि रडूही येतं. म्हणून आधी तू स्वतः जाऊन सांग. घाई कोणी करायला लावली, तेही सांग. वरच्यांचं पाप एकट्याने पांघरू नकोस.

काल वेणूबाई मला म्हणाल्या, "यो विंजिनेर कोनचा गो बाय? त्याला येकदा माजे घरान जेवाला बसवाचा हाय."

तो माझाच भाऊ, हे मी त्यांना सांगितलं नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे, तेव्हा सांगणार. तू येणार असशील तर त्यांना दोन पानं मांडायला सांगते.

तुझीच,
त्या इंजिनियरची थोरली बहीण,
गीतांजली