न अडखळणारा सीडी प्लेअर

तलासरी,
९ डिसेंबर, शनिवार

चि. मयूरी,

आशीर्वाद. तू फोन उचलला नाहीस तरी ते पोचतात, म्हणून आधी तेच लिहिले.

ताजी बातमी अशी की आपल्या सीडी प्लेअरमध्ये कोणताही बिघाड नाही. वापीच्या चिमणभाईंनी काल तशी खात्री दिली. त्यांनी माझ्यासमोर झाकण काढलं, भिंग पुसलं आणि तुझ्या आईची सारंगीची सीडी लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाजली. "मशीन एकदम बराबर छे, दौलतभाई. घेर लई जाओ." घरी आणला, लावला. चौथ्या तुकड्यावर अडखळला. टक् झालं, तीच मींड पुन्हा, पुन्हा, आणि मग गप्प.

महिन्याभरात हे तिसऱ्यांदा झालं. दुकानात शहाणा आणि घरी वेडा, असा त्याचा कारभार आहे.

तेव्हा आता दुसरा घ्यायचा आणि चांगला घ्यायचा असं ठरवलंय. अँप्लिफायर आणि ते दोन उंच स्पीकर अजून उत्तम आहेत, त्यांना शोभेल असा हवा. तू पुण्यात दिवसभर स्टुडिओत आवाजाचंच काम करतेस. तुला नाही विचारायचं तर कोणाला?

एक जपानी पाहून ठेवलाय, जुना पण लोखंडासारखा. तो उचलून काउंटरवर ठेवताना चिमणभाईंच्या तोंडून देवाचं नाव निघालं. त्यांचं म्हणणं, वजनदार पेटी जागची हलत नाही, त्यामुळे आतलं भिंगही स्थिर राहतं. दुसरा हलका, हातात मावणारा. तो पुढचं थोडं गाणं आधीच वाचून पोटात साठवतो आणि काही झालं तरी साठवलेलं वाजवत राहतो, म्हणजे ऐकणाऱ्याला खंड जाणवत नाही. मला तो आवडलाय. गाडीत बसवायचाही एक होता. तो मी नीट पाहिला नाही. घरात गाडीचा प्लेअर कोण लावतं?

तोवर जुन्यावरच प्रयोग चाललेत. पंक्चरवाल्या बाबल्याकडून स्कूटरची ट्यूब आणली, अर्धी हवा भरली, तिच्यावर कडप्प्याची फरशी आणि फरशीवर प्लेअर. बाबल्या म्हणाला, "भाऊ, गाडी कुठाय?" म्हटलं, "घरातच चालवतोय."

जतीनमामा तर मला वेड्यातच काढतो. "भावोजी, सीडी आता आम्ही चिकूच्या झाडाला बांधतो, पाखरं उडवायला. मोबाईलवर ऐका की." त्याला काय सांगायचं? मोबाईलवर सारंगी डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी वाटते.

बाकी ठीक. मला हल्ली एका जागी बसवत नाही, एवढंच. स्पीकर भिंतीपासून पुढे घेतो, मागे घेतो. दोन्ही खिडकीच्या गजाला दोरीने बांधून ठेवलेत. असंच. भूकंपाचे धक्के अधूनमधून चालू आहेत, पण लहान. पूर्वी वार्ताहर म्हणून प्रत्येक धक्क्याची बातमी पाठवायचो, आता पेपरही मागत नाही. समोरचे लहान्या आणि शुक्री अजून अंगणात ताडपत्रीचा मांडव घालून झोपतात. लहान्या रोज म्हणतो, "दादा, तुम्ही पण या." मी म्हणतो, माझं घर पक्कं आहे.

आई आगरला जतीनमामाकडे आहे. तिच्या हाताला जरा विश्रांती हवी होती. तिथे खाडीची हवा आहे, ताजे बोंबील आहेत, भावाचं घर आहे. तिला बरं वाटत असेल.

कोणता घेऊ ते कळव. फोन नको असेल तर पत्राने कळव.

तुझा,
बाबा

ता. क. आईशी बोललीस तर सांग, प्लेअरचं लवकरच मार्गी लागेल. सारंगी एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाजली की ती घरी येईल, असं मला वाटतं.


पुणे,
१६ डिसेंबर

बाबा,

नमस्कार. पत्र मिळालं. सगळं दोनदा वाचलं. "हाताला जरा विश्रांती" किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आईचा उजवा हात कोपराखाली मोडलाय. डहाणूच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय. ती डाव्या हाताने जेवते, आणि मामी घास द्यायला आली की चिडते. हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तिला डहाणूला घेऊन गेलात. मग पत्रात का नाही?

मोठा धक्का बसला त्या दिवशीची तुमची बातमी मी इथे मोबाईलवर वाचली होती. "काही घरांना तडे गेले. कोणीही जखमी झाल्याचे वृत्त नाही. तहसील कार्यालयाने यास दुजोरा दिला आहे." वर तुमचं नाव. ती वाचून मी निवांत झोपले, बाबा. बाबांनी लिहिलंय म्हणजे सगळे ठीक आहेत. सकाळी मामाचा फोन आला.

मामा अजून रोज म्हणतो, "पेपरात तर ताई ठणठणीत आहे. मग हे प्लास्टर घालून कोण बसलंय?" आई हसते. ती हसली की मला तुमचा जास्त राग येतो.

आता प्लेअर. चिमणभाई बरोबर बोलले. त्याला काही झालेलं नाही. तुम्हाला न जाणवणारे हादरे त्या भिंगाला जाणवतात. वापीत जमीन स्वस्थ आहे, तिथे तो नीट वाजतो. वजनदार घेतलात तर थोडा कमी अडखळेल. साठवून वाजवणारा घेतलात तर तुम्हाला कधी काही कळणारच नाही, आणि तुम्हाला तोच आवडलाय. जुना प्लेअर खरं सांगतो, म्हणून तुम्हाला तो बदलायचाय.

आई त्या दिवसाबद्दल "कौल पडलं" यापुढे एक शब्द बोलत नाही. पण ती तर संध्याकाळी शुक्रीकाकीच्या मांडवात असायची. घरातलं कौल तिच्यावर कसं पडलं? तेवढं लिहा. मग कोणता घ्यायचा ते मी सांगते.

मयूरी


तलासरी,
२२ डिसेंबर, शुक्रवार

चि. मयूरी,

तुझी आई काल इथे येऊन गेली. शुक्रीने खात्री दिली. मी त्या वेळी वापीला होतो.

शुक्रीला विचारून विचारून मी दमवलं. "बाई रिक्षातून उतरली," ती म्हणाली. "घरात नाही गेली. माझ्याजवळ बसली, चहा प्याली."

"काही बोलली?"

"खिडकीतून बघितलं आत. तुमची ती दोरी बघितली."

"मग?"

"मग हसली. म्हणाली, बघ शुक्री, खोक्यांचा बंदोबस्त झाला."

"आणखी काय?"

"आणखी काय दादा, रिक्षा थांबली होती ना."

तू विचारलंस त्याचं उत्तर आता लिहितो. बातमी लिहितो तसंच लिहितो, नाहीतर मला जमणार नाही.

त्या संध्याकाळी तुझी आई शुक्रीच्या मांडवात वाल सोलत होती. मी आत सारंगी ऐकत होतो. आधी नेहमीसारखा गडगडाट झाला. तुला माहीत आहे, आता पहिल्या धक्क्याला इथे कोणी उठत नाही. भांडी वाजायची थांबेपर्यंत बसून राहायचं, मग कुंपणावरून विचारायचं, "तुमच्याकडे झाला का?" सगळ्यांनाच ती सवय झाली आहे. त्या दिवशी भांडी थांबली नाहीत. मी उठलो. डावा स्पीकर पुढे झुकताना दिसला आणि मी त्याला मिठी मारली.

आईने बाहेरून हाक मारली, "अहो, बाहेर या!" मी म्हणालो, "येतो, हा पडेल." तिने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा तेच म्हणालो. मग ती आत आली. डाव्या हाताने तिने माझी बंडी धरली आणि उजवा हात माझ्या डोक्यावर आडवा धरला. कौल त्या हातावर आलं. ती तिथे नसती तर माझ्या डोक्यात आलं असतं.

स्पीकरला ओरखडाही नाही.

आता बातमीचं. पेपरचा फोन लगेच आला. पान लागायची वेळ झाली होती. मी तहसीलमध्ये फोन केला. ते म्हणाले, कोणी जखमी असल्याची नोंद नाही. ओट्यावर बसून मी तेवढंच पाठवलं. माझ्या पाठीमागे शुक्री तुझ्या आईच्या हाताला फळकूट लावून पदराच्या चिंधीने बांधत होती. आई कण्हत नव्हती. ती मी फोनवर बोलत होतो ते ऐकत होती. "कोणीही जखमी नाही" हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकलं, पेपरात वाचलं नाही.

दुजोरा मिळालेला होता म्हणून लिहिलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. खरं वेगळं आहे. "एक महिला जखमी" लिहिलं असतं तर समोरून विचारलं असतं, कोण, कुठे, कशी? मला ते "कशी" नको होतं. डहाणूला जाताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "मी आगरला राहीन." मी म्हटलं, "बरं." महिना झाला, मी अजून त्याच्या पुढे गेलेलो नाही. दोनदा आगरला गेलो. दोन्ही वेळा तिला प्लेअरबद्दल सांगत बसलो.

आणखी एक. माझं घर पक्कं आहे असं मी सगळ्यांना सांगतो. ती गेल्यापासून मी त्या घरात पायात चपला घालून झोपत होतो. उठून पळता यावं म्हणून.

काल वापीला गेलो तो साठवणारा प्लेअर आणायलाच. हो, तुझं पत्र वाचल्यावरही. चिमणभाईंनी सारंगी लावली आणि मला दाखवायला चालत्या प्लेअरवर बुक्की मारली. सूर अखंड. आणखी एक बुक्की, जोरात. सूर अखंड. "जुओ दौलतभाई, कंई खबर ज नथी पडती!" काही कळतच नाही म्हणून ते इतके खूश होते. मला त्या स्टुलावर बसवेना. मी म्हटलं, "चिमणभाई, तो गाडीतला काढा."

"घरे गाडी लीधी?"

"गाडी नाही घेतली. घराबाहेर लावायचाय."

तर तू सांगायची वाट न पाहताच प्लेअर निवडला आहे. जुना आहे, बॅटरीवर चालतो, खड्ड्यांची त्याला सवय आहे. बारीकसारीक धक्के सोसतो. मोठा झाला तर अडखळेल, आणि तेव्हा अडखळलेलाच बरा. उंच स्पीकर आत भिंतीशी उभे आहेत, पडायचे तर पडोत. त्यांची दोरी सोडली, ती मांडवाला लागली. लहान्याने आणि मी मिळून आपल्या अंगणात बांबू रोवले, शेवग्याच्या बाजूला, घरापासून लांब. बाबल्याने भंगारातल्या रिक्षाचे दोन छोटे स्पीकर दिले आणि म्हणाला, "आता खरी गाडी झाली, भाऊ." आवाज घरच्यासारखा नाही. खर्ज जवळजवळ गेलाच. पण सारंगी सारंगीच वाटते. हे तू येऊन ऐक आणि काय सुधारता येईल ते सांग. दोन खाटा टाकल्या आहेत. काल मी बाहेर झोपलो. थंडी होती. चपला खाटेखाली काढून ठेवल्या होत्या.

पेपरला दुरुस्ती पाठवली आहे. तुला उतरवून देतो:

"गेल्या महिन्यातील भूकंपाच्या धक्क्यात कोणीही जखमी झाले नसल्याचे वृत्त चुकीचे होते. तलासरी येथील दक्षा दौलत सावे या पतीला घराबाहेर काढताना कौल पडून जखमी झाल्या. त्यांच्या पतीने यास दुजोरा दिला आहे."

संपादक म्हणाले, "सावे, महिन्याने दुरुस्ती? कोण वाचणार?" मी म्हटलं, दोघी वाचतील. परवा, रविवारच्या अंकात येईल असं त्यांनी कबूल केलंय. आतल्या पानात, तळाला.

सकाळी जतीनमामाला फोन करून सगळं सांगितलं. त्याने दुरुस्ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला, "भावोजी, रविवारचा पेपर मी ताईसमोर ठेवतो. नंतर ती म्हणेल तसं. गाडीत बसली तर दुपारनंतर पोचू. पण ती घरात पाऊल टाकणार नाही, आधीच सांगतो."

मी म्हटलं, "घरात या असं मी म्हणतच नाहीये."

रविवारी दुपारी मी रस्त्याकडे तोंड करून बसलेला असेन. सीडी आत घालून ठेवतो. बटण मी दाबणार नाही. ती आली, तर तीच दाबेल, डाव्या हाताने.

अंगणातून,
बाबा