निर्गुडीच्या पाल्याचा दावा

४ नोव्हेंबर
सिद्ध करावयाचे ते असे: उत्तनच्या कोळणी जखमेवर वाटून बांधतात तो निर्गुडीचा पाला पू करणाऱ्या जंतूंना रोखतो. काल ज्येष्ठांच्या बैठकीत एक निवृत्त डॉक्टर म्हणाले, "मास्तर, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, आणि आता झाडपाला?" सगळे हसले! हसणे हा युक्तिवाद नव्हे.

७ नोव्हेंबर
आमच्या सिल्व्हर पार्कच्या इमारतीतली पूर्वी नावाची मुलगी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पाला वाळवून तिने अल्कोहोलात अर्क काढला. फेरिक क्लोराइडचे थेंब पडताच रंग काळपट हिरवा — म्हणजे टॅनिन हे जंतुरोधक तुरट द्रव्य आहे. पाला आणून दिला आमच्या कोळणीने, शकूने. शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा तिच्या बोटात खोल गेला आहे. त्यावरही हाच पाला. प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा आयता चालून आला!

९ नोव्हेंबर
जंतूंच्या बशीत ठेवलेल्या, अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू वाढलेच नाहीत. चौदा मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ! डॉक्टरमहाशयांना तीन पानी पत्र धाडले.
दारात शकू. "मास्तर, बोट जाम ठणकतंय. डाक्टरकडं जाऊ काय?" म्हटले, नको, चार दिवस थांब, गोळ्या घेतल्यास गुण कोणाचा, हे ठरणार नाही. ती हसली. "तुमी शिकलेली मानसं. न्हाय जात. पापलेट तरी घ्या!"

११ नोव्हेंबर
संताप! पूर्वी म्हणते, "सर, नुसत्या अल्कोहोलची डिस्क ठेवायची राहिली होती. आता ठेवली, तर तिलाही चौदा. अर्क नीट सुकलाच नव्हता." म्हणजे जंतू मारले अल्कोहोलने, आणि विजयपत्र लिहिले मी! तुलनेवाचून निष्कर्ष — पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी वर्गाबाहेर काढले असते. तसे तिला सुनावले. "चूक माझी," ती म्हणाली, "पण पाल्याने जंतू मरतात, अशा रिपोर्टवर सही नाही करणार मी."

१२ नोव्हेंबर
अर्क पूर्ण सुकवून पुन्हा चाचणी. वर्तुळ नाही. पाने फार वाळली, अर्क पातळ झाला, ताजा पाला हवा होता — नऊ आक्षेप लिहून पूर्वीपुढे ठेवले. तिने वाचलेसुद्धा नाहीत! "शकूमावशीचं बोट कसं आहे, सर?"
विषयांतर.

१३ नोव्हेंबर
शकू आली नाही.

१५ नोव्हेंबर
शकूच्या मुलीचा, संजनाचा फोन. "आईचं बोट काल कापलं. दोन पेरं गेली. डाक्टर बोलला, चार दिवस आधी आणायला पायजे होतं. मास्तरांना सांगू नको, बोलली आई."

पाल्यात गुण आहे की नाही, हे अनिर्णित. माझी एक चूक मात्र सिद्ध आहे: डॉक्टरकडे जाऊ का, असे शकूने विचारले, आणि मी नको म्हणालो.

— पंढरीनाथ सावे