मेडिकल बुकात न चढलेला आजार

सेक्टर 2, भिलाई
दि. 9 नोव्हेंबर 1986

जावईबापू पंजाबराव यांस, देवाजीचा सप्रेम जयभीम.

पत्राला दोन महिने उशीर झाला, राग मानू नये. चार वेळा लिहायला बसलो आणि फाडलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चुकलंमाकलं समजून घ्या. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी पडली. मार्चमध्ये मी प्लांटातून रिटायर होतो.

चंपाला नागपूरला नेलं होतं. बेंबीपाशी बारीक छेद देऊन दुर्बिणीने पाहिलं. आजाराचं नाव कागदावर पाहून लिहितो, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेरही वाढतं, दर महिन्याला तिथे रक्त साचतं, म्हणून ते दुखणं. डावीकडे लिंबाएवढी गाठ आहे, ती काढायची आहे. मूल होणारच नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत.

शुद्धीवर आल्यावर चंपा म्हणाली, "पाहा बाबा, मी सोंग नोहोती करत." ती दुखण्याने पडून राहिली की तुमची आई तिला "सून आणली का पाहुणी?" म्हणायची, ते तिच्या मनात असेल. सोंग हा शब्द मात्र माझा आहे. ती शाळेत होती तेव्हाचा.

लग्न झालेल्या मुलीचं नाव प्लांटच्या फुकट इलाजाच्या मेडिकल बुकातून कटते. सगळा खर्च खिशातून. नुसत्या कॅप्सूलमध्ये अर्धा पगार जातो, त्या सहा महिने घ्यायच्या आहेत. पीएफमधून काढलं. पैशासाठी लिहीत नाही.

तिला सोडायला आलात तेव्हा तुम्ही दारातच म्हणालात, "आजार लपवून पोरगी दिली." मी बाबासाहेबांच्या फोटोसमोर नाही म्हटलं. ते खोटं होतं.

चंपा एकोणीसची असताना दुखण्याने बेशुद्ध पडली होती. प्लांटच्या दवाखान्यातल्या बाईंनी नागपूरला तपासायला चिठ्ठी दिली. तेव्हा सगळं फुकट झालं असतं. पण बाहेरगावी पाठवायला डिपार्टमेंटची सही लागते, आणि सही करणारे तुमचे काका. तुमच्याकडे सोयरिकीची बोलणी चालू होती. मी चिठ्ठी फाडली. चंपाला सांगितलं, काही नाही, लग्नानंतर बरं होते म्हणाल्या. तिने बापावर विश्वास ठेवला.

तिने तुम्हाला फसवलं नाही. मी तुम्हा दोघांनाही फसवलं. हे पत्र पेटीत टाकून घरी गेलो की तिला सांगणार आहे.

ऑपरेशन 24 तारखेला आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बापाची सही चालेल. चंपा म्हणाली, "थांबा, ते येतील."

माझ्याशी बोलू नका, माझ्या घरचं पाणीही पिऊ नका. पण याल की नाही, ते 24 च्या आत कळवा. पत्र चंपाच्या नावाने टाका. लवकर टाका.

तुमचा अपराधी,
देवाजी