आप्पा, केळं-शेंगदाणं फ्रिजमध्ये हाय

आप्पा,

मी बसस्टँडवर निघालीय. आपली सुवर्णाक्का येतीय, पोरीला घेऊन! काल तिचा फोन आला तेव्हापासनं आनंदानं डोळ्याला डोळा लागला न्हाय. तुम्हाला सांगितलं न्हाय, कारण तिनं स्वतःच्या मनानं लग्न केल्यापासनं तिचं नाव काढलं की तुम्ही ताटावरनं उठताय.

आक्का म्हणाली, "राणी, परीक्षेच्या सकाळी आप्पा केळं कुस्करून, शेंगदाण्याचं कूट नि गूळ घालून द्यायचे. लई आठवतंय गं." म्हणून तेच केलंय, जरा नव्या तऱ्हेनं. गार केळी नि चिकू मिक्सरला फिरवले, भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटून लोण्यासारखे वर घातले. आता याला स्मूदी बाऊल म्हणतात. चाखून बघा, गूळ कमी वाटला तर घाला. तुमच्या हाताचा अंदाज मला न्हाय जमला.

आज कापडाचा माग उशिरा चालू करा. आक्काशी काय बोलायचं ते सुचलं न्हाय तरी चालंल. पण पोरीला तिनं शिकवून आणलंय, ती दारातनंच "आजा" म्हणून हाक मारणार हाय. तेवढी ओ द्या.

राणी