शंभर रिकाम्या जागा आणि एक खुर्ची

४ सप्टेंबर, सोमवार
ठरलं. आमचे विभागप्रमुख पांदेलिस वर्षअखेर रिटायर होताहेत. त्यांच्या खुर्चीसाठी इंग्रजीचं सर्टिफिकेट हवं. परीक्षा १८ नोव्हेंबरला. शंभर वाक्यं, प्रत्येकात एक रिकामी जागा, खाली चार शब्द. नेमका शब्द निवडायचा, बस्स. नगरपालिकेत बावीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या चुका काढतोय मी. उद्यापासून पहाटे पाच ते सात अभ्यास.

५ सप्टेंबर
जाग आली नाही. पण वेळापत्रक आखलं, तीन रंगांत. पोलिक्सेनी म्हणाली, फ्रिजवर लावू नकोस, फाटेल. बायकोचं किती ऐकायचं? फ्रिजवरच लावलं.

१९ सप्टेंबर
वेळापत्रक फाटलं. अभ्यासाला खीळ बसली ती फ्रिजमुळे.

२७ सप्टेंबर
शेजारच्या टेबलावरची स्मारोही परीक्षेला बसतेय. बसू दे बिचारीला. नऊ वर्षांनी ज्युनियर आहे. कॉफीच्या सुट्टीत तिला शिकवायचं कबूल केलं. ती वाक्य वाचते, मी शब्द सांगतो, ती वहीत खूण करते. कधी वाद घालत नाही. समज चांगली आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार
घरी सराव परीक्षा दिली. शंभरपैकी एकतीस. पुस्तकामागची उत्तरं तपासली, बरीच चुकीची निघाली. प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं. सात पानं झाली. दिवस सत्कारणी लागला.

२८ ऑक्टोबर
आमच्या ग्रीसची राष्ट्रीय सुट्टी. परेड पाहिली. आजच्या दिवशी परकी भाषा घोकणं बरं दिसत नाही.

९ नोव्हेंबर
नऊ दिवस उरले. पोलिक्सेनीने तिच्या गावभर सांगून ठेवलंय की आमचा थ्रासो प्रमुख होणार. खरं लिहायचं तर भीती वाटते. पन्नाशी आली. ही खुर्ची गेली तर निवृत्तीपर्यंत याच खिडकीत बसून दाखल्यांवर शिक्के मारायचे.
उद्यापासून पहाटे चार.

१८ नोव्हेंबर, दुपारी २
पेपर उत्तम. निघताना पोलिक्सेनीने दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थू थू केलं, एकदा खरंच शर्टावर आलं. तेवीस प्रश्नांत चारही शब्द मला पटले नाहीत. तिथे कुठलाच गोल न रंगवता समासात माझा शब्द लिहिला, सुवाच्य अक्षरात. तपासणाऱ्याचे डोळे उघडतील. बाहेर आल्यावर स्मारो म्हणाली, पेपर मशीन तपासतं. असेना. मशीन बनवणारा शिकलेलाच असेल.

१३ डिसेंबर, सकाळी ८
अकराला निकाल. वाटेत दोन किलो बकलावा घेतला. आनंद ज्याचा, मिठाईचा डबा त्याने आणायचा, ही ऑफिसची रीत. निकालानंतर धावाधाव कोण करणार?

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
एकोणचाळीस. पास व्हायला साठ लागतात. स्मारोला ब्याण्णव. खुर्ची तिची.
डबा माझ्या टेबलावर उघडाच होता. सगळ्यांना वाटलं, मी तो स्मारोसाठीच आणलाय. पांदेलिसनी पाठ थोपटली, म्हणाले, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस पाहिला नाही. मी डबा त्यांच्यापुढे केला. स्मारोच्या डोळ्यांत पाणी आलं. कसं जमवलंस, मी विचारलं.
"तुमच्यामुळेच, थ्रासोसाहेब," ती म्हणाली. "तुम्ही ज्या शब्दावर अडून बसायचात, तो मी आधी खोडायचे. मग तीनच उरायचे."
ती अगदी मनापासून बोलत होती, तेच जास्त लागलं. जानेवारीपासून रजेचा अर्ज तिच्याकडे द्यायचा.
हे जिन्यात बसून लिहितोय. घरी अजून सांगितलं नाही. सासूबाई गावाहून आल्यात, वरून भाजलेल्या मटणाचा वास येतोय. माझ्यासाठी स्मारोने बकलाव्याचा एक तुकडा कागदात बांधून दिला होता. तो आत्ताच खाल्ला.
पोलिक्सेनी दारातून विचारतेय, प्रमुखसाहेब वर येताय ना?